राजा औषध कोणते?



आपल्या गावातील काष्ठौषधींच्या दुकानात कधी गेलात, तर डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून पाहा. दालचिनी, चोपचिनी, रेवाचिनी, कबाबचिनी. चारही नावांच्या शेवटी चीन देश येऊन बसला आहे. त्यांपैकी कबाबचिनीचा चीनशी जन्माचा संबंध नाही; ती जावा बेटाकडची. दालचिनी हे फारशीतून आलेले नाव. त्याचा अर्थ 'चीनचे लाकूड'. चोपचिनी मात्र खरोखरच तिकडून जहाजाने आली. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात जे पुस्तक छापले, त्यात या मुळीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रेवाचिनीची सर्वांत नावाजलेली जात चीनच्या वायव्येकडील डोंगरांतली. माल आला, नाव आले. परंतु त्या मालाला त्याच्या मायदेशी कोणत्या रांगेत बसवीत, वरच्या की खालच्या, आणि ते कोण ठरवीत असे, ही हकीकत काही मालाबरोबर आली नाही. तीच आज आपल्यापुढे मांडावी असा विचार आहे.

आपण विचाराल, हा माणूस या विषयाच्या वाटेला गेला कसा? मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे, चिनी भाषेचा पंडित तर मुळीच नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि रात्री वाचनालयात, इंग्रजी कोश मांडीवर घेऊन. तीस वर्षे मी एकच काम करीत आलो आहे : कामगाराची प्रत ठरते, तेव्हा तिथे बसून भांडणे. काही वर्षांपूर्वी एका औषधी कारखान्यात असेच भांडण चालले होते. काढे उकळण्याच्या भट्टीवर बावीस वर्षे उभा असलेला एक गृहस्थ नुसत्या वासावरून सांगत असे की, काढा आता उतरवा. कागदोपत्री तो 'अकुशल'. त्याने सांगितलेली वेळ नोंदवहीत लिहिणारा मात्र 'कुशल'. मालकपक्षाचे म्हणणे, प्रत ही शिक्षणावरून ठरते. आमचे म्हणणे, ती कामावरून ठरावी. चौदा महिने भांडलो आणि अर्धे जिंकलो. त्याच दिवसांत वाचनालयात चिनी वैद्यकाच्या इतिहासाचे एक पुस्तक हाती लागले. चाळता चाळता माझ्या ध्यानात आले की, आमचेच भांडण त्या देशात औषधांवरून दोन हजार वर्षे चालले आहे. तेव्हापासून मी त्या विषयाला जो चिकटलो तो चिकटलोच.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, आरंभी तेथे प्रतवारी नव्हतीच. १९७३ साली चीनच्या हूनान प्रांतात मावांगद्वी नावाच्या ठिकाणी एक जुनी कबर उकरण्यात आली. ती इसवी सनापूर्वी १६८ साली बंद झालेली. तीत रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे लेख निघाले, आणि त्यांतील एका लेखात ५२ आजारांचे मथळे देऊन प्रत्येकाखाली उपाय लिहिले आहेत. जखम असेल तर हे लावा, मूळव्याध असेल तर हे करा, साप चावला तर असे करा. मध्येच मंत्र आहेत, थुंकणे-फुंकणे आहे. पण औषधांची उतरंड नाही. आजीबाईच्या बटव्यासारखा सारा मामला. दुखणे कोणते ते पाहायचे आणि हात घालायचा.

उतरंड आली ती शेन्नोंगच्या नावाने. शेन्नोंग हा त्यांचा पुराणपुरुष. त्याने शेती शिकवली, आणि वनस्पतींची परीक्षा करताना एका दिवसात सत्तर विषांशी गाठ घेतली, अशी कथा आहे. त्याच्या नावावरचा औषधिग्रंथ हान राजवटीच्या सुमारास, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात सिद्ध झाला असे अभ्यासक मानतात. त्यात औषधे किती? बरोबर ३६५. वर्षाचे दिवस तितकी औषधे! हा आकडा पाहिला की समजावे, येथे वैद्याबरोबर एखादा पंचांगकर्ताही बसलेला होता.

या ३६५ औषधांचे तीन वर्ग. वरचा वर्ग १२० औषधांचा. ही औषधे म्हणजे राजे. ती आयुष्य वाढवतात, त्यांचे नाते आकाशाशी, ती विषारी नाहीत, कितीही घ्या आणि कितीही दिवस घ्या, अपाय नाही. मधला वर्गही १२० चा. ते प्रधान. त्यांचे नाते माणसाशी. काही विषारी, काही निर्विष. ती प्रकृती राखतात. खालचा वर्ग १२५ चा. ते हरकामे आणि हुजरे. त्यांचे नाते मातीशी, बहुतेक विषारी, फार दिवस घेऊ नयेत. आणि त्यांचे काम कोणते? रोग बरा करणे!

बंधूंनो, हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बाजूला ठेवले आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो. औषधांच्या ग्रंथात सर्वांत खालची पायरी रोग बरा करणाराची! रेवाचिनी खाली, बचनागाच्या जातीचे मूळ खाली, आपल्या ओळखीचा जमालगोटा खाली. वर कोण? जिनसेंग वर, ज्येष्ठमध वर, ते एक वेळ ठीक. परंतु वरच्या वर्गातील खनिजांत पहिला मान कोणाला, तर हिंगुळाला. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचा संयोग. त्याचा तांबडा रंग मरत नाही, तापवला तर त्यातून पारा चकाकत बाहेर येतो. म्हणून तो अमरत्वाचे बीज मानला गेला.

या मानाची किंमत कोणी मोजली तेही पाहू. तांग घराण्यातील मूझोंग ८२४ साली, वूझोंग ८४६ साली आणि श्वानझोंग ८५९ साली वारला. अमरत्वासाठी घेतलेल्या खनिज गुटिका हे त्यांच्या मृत्यूचे कारण म्हणून चिनी इतिहासकार नोंदवतात. राजांनी राजेऔषध खाल्ले आणि प्राण गमावले. शेतकऱ्याला हिंगूळ परवडत नव्हता, त्यामुळे तो त्या मरणातून वाचला; अर्थात त्याला मरायला दुष्काळ आणि सक्तीची लष्करभरती होतीच.

पण आपण घाईने निकाल देऊ नये. जो समाज सम्राट, प्रधान आणि चाकर यांच्या शिडीवर उभा होता, त्याने औषधांचीही तीच शिडी केली तर नवल नाही. शिवाय त्या वर्गवारीत एक खरे व्यावहारिक शहाणपण होते. कोणते द्रव्य रोज घेतले तरी चालते आणि कोणते चार दिवसांवर घेऊ नये, हे ती सांगत असे. जमालगोट्याला ज्येष्ठमधाच्या शेजारी बसवू नये, एवढे तिला ठाऊक होते. चूक झाली ती धोका आणि योग्यता यांची गल्लत करण्यात. आमच्याकडेही जोखमीचे काम करणारा बहुधा खालच्याच प्रतीत असतो.

पुढे इसवी सन ५०० च्या सुमारास थाओ होंगजिंग नावाचा एक विद्वान होऊन गेला. डोंगरात राहणारा, स्वतः अमरत्वाच्या मागे असलेला. त्याने जुनी ३६५ औषधे आणि नंतरच्या वैद्यांनी नोंदलेली तितकीच, अशी ७३० औषधे एकत्र केली. जुना मजकूर तांबड्या शाईत लिहिला, नवा काळ्या शाईत, म्हणजे कोणाचे म्हणणे कोणते हे वाचकाला कळावे. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. त्याने औषधे त्यांच्या जातीप्रमाणे लावली : दगड व खनिजे, वनस्पती, प्राणी, फळे, भाज्या, धान्ये; आणि सातवा एक वर्ग केला, 'नाव आहे पण उपयोग नाही' अशांचा. असा वर्ग मोकळेपणाने लिहून ठेवण्याचे धैर्य आपल्या कचेऱ्यांना अद्याप झालेले नाही. याखेरीज त्याने ऐंशीहून अधिक आजारांची यादी देऊन प्रत्येकाखाली उपयोगी औषधांची नावे लिहिली. म्हणजे मावांगद्वीची जुनी पद्धत मागच्या दाराने परत आली. कारण उघड आहे. तापाने फणफणलेला रोगी समोर असताना वैद्याला आकाशाशी नाते असलेले औषध नको असते, ताप उतरवणारे हवे असते.

आता या हकीकतीतील मुख्य वळण सांगतो. 'सुवेन' नावाचा चिनी वैद्यकाचा मूलग्रंथ आहे. वांग बिंग नावाच्या पंडिताने ७६२ साली त्याची जी प्रत सिद्ध केली, तिच्यात एक प्रश्नोत्तर येते. औषधांत राजा कोणाला म्हणावे? उत्तर असे की, जो रोगावर मुख्य चाल करतो तो राजा; जो त्याला साहाय्य करतो तो प्रधान; जो प्रधानाच्या हाताखाली राबतो तो हुजऱ्या. आणि लगेच स्पष्ट केले आहे की, वरच्या-मधल्या-खालच्या त्या तीन वर्गांचा याच्याशी संबंध नाही. शब्द तेच ठेवले, दरबार तोच ठेवला, पण गादीवर बसण्याची अट बदलली! राजेपण जन्माने नाही, त्या काढ्यातील कामाने. आज या काढ्यात जो राजा, तो उद्या दुसऱ्या काढ्यात हुजऱ्या.

एक उदाहरण घेऊ. सर्दी-ताप, अंगदुखी, घाम फुटत नाही आणि दम लागतो, अशा रोग्याला देण्याचा 'मा-हुआंग' काढा प्रसिद्ध आहे. त्यात चार द्रव्ये. मा-हुआंग ही वाळलेल्या काड्यांची वनस्पती, मधल्या वर्गातली. ती येथे राजा, कारण घाम तीच काढते आणि श्वास तीच मोकळा करते. दालचिनीच्या जातीच्या झाडाची कोवळी काडी प्रधान. जर्दाळूच्या बियांतील गर सहायक. आणि ज्येष्ठमध, जो शेन्नोंगच्या ग्रंथात राजांच्या ओळीत बसलेला, तो येथे शेवटी : सगळ्यांचे जमवून घेणारा, तिखटपणा मऊ करणारा हुजऱ्या. मा-हुआंगचे हे राजेपण पुढे प्रयोगशाळेतही टिकले. १८८५ साली जपानच्या नागाई नागायोशी यांनी त्यातून एफेड्रिन वेगळे काढले, आणि दम्यावर ते जगभर वापरले गेले.

जुना दरबार मात्र एका दिवसात मोडत नाही. हातपाय गार पडलेल्या रोग्यासाठी तीन द्रव्यांचा एक काढा आहे : बचनागाच्या जातीचे शोधलेले मूळ, सुंठ आणि ज्येष्ठमध. गरमी आणण्याचे काम कोण करते हे उघड आहे. तरीही बाराव्या शतकातील छंग वूजी या मोठ्या भाष्यकाराने राजेपद दिले ते ज्येष्ठमधालाच. आजची चिनी पाठ्यपुस्तके ते बचनागाला देतात.

कामावरून वर्गवारी करावयाची, तर कामांची नावे हवीत. ती आठव्या शतकात मिळाली. दहा प्रकार सांगितले गेले. पुष्कळ काळ त्यांचे श्रेय सहाव्या शतकातील एका वैद्याला दिले जात असे. आता अभ्यासक ते छन त्सांगची याच्या ७३९ च्या ग्रंथाकडे नेतात. हे दहा प्रकार म्हणजे दहा क्रियापदेच आहेत. तुंबले असेल ते वर-बाहेर काढणारी, जसे आले आणि संत्र्याची साल. अडले असेल ते वाहते करणारी. अशक्ताला भरून काढणारी, जसे जिनसेंग आणि, माळकरी श्रोत्यांनी क्षमा करावी, मेंढीचे मांस. बंद पडलेले खाली सारणारी, जशी रेवाचिनी. दाटलेले हलके करणारी, त्यांत मा-हुआंग. घाबरलेल्या मनाला वजन देऊन खाली बसवणारी, म्हणजे लोहचुंबकाचा दगड आणि लोखंडाची भुकटी. चिकटलेले निसटवणारी बुळबुळीत. गळून जाणारे धरून ठेवणारी तुरट, जसे कालवाचे शिंपले आणि 'ड्रॅगनची हाडे', जी वस्तुतः प्राचीन प्राण्यांची दगड झालेली हाडे असत. ओल सुकवणारी, जशी तुतीच्या मुळाची साल. आणि कोरडे ओलावणारी, त्यांत स्फटिकाचे दगड. १११६ साली कौ झोंगशी याने त्यांत थंड आणि उष्ण अशा दोहोंची भर घालावी असे सुचवले.

ही यादी वाचताना आपल्या ध्यानात आले असेल की, हे शब्द दवाखान्यातले नाहीत. ते गटार साफ करणाराचे, बांध घालणाराचे, पाट काढणाराचे शब्द आहेत. तुंबणे, वाहणे, गळणे, चिकटणे. ज्या देशाचे जगणे नद्यांच्या बांधांवर आणि कालव्यांवर अवलंबून, त्या देशाच्या वैद्यांना शरीर हे पाण्याच्या व्यवस्थेसारखे दिसले. त्यांतील लोखंडाच्या वजनाने भीती खाली बसते हे मला पटत नाही, हेही सांगून टाकतो. दगडाचे वजन आणि मनाचे वजन ही एकच गोष्ट आहे असे केवळ भाषेला वाटते, शरीराला वाटत असेल असे दिसत नाही.

आपल्याकडे हे कोणी केले नाही असे समजू नका. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात पन्नास गट आहेत, प्रत्येकी दहा द्रव्यांचे, आणि त्यांची नावे कामावरूनच दिलेली : ज्वरहर, कासहर, तृप्तिघ्न. त्यांत एक गट 'श्रमहर' आहे. थकवा घालवणारी दहा द्रव्ये. त्यांत द्राक्षे, खजूर, डाळिंब, ऊस, जव, साठीचे तांदूळ. कामगाराच्या डब्यात यांतले काय असते याचा हिशेब मी एकदा मांडला होता, तो येथे सांगत नाही. चिनी मंडळींनी चरक वाचून हे केले असे मी म्हणत नाही. दोन ठिकाणी दोन शहाणे लोक एकाच गरजेतून एकाच वाटेला लागले, एवढेच.

औषध काम का करते, याचे उत्तर ते चवीवरून आणि स्वभावावरून देत. उष्ण, कोमट, शीतल, थंड हे चार स्वभाव. मध्यम तो पाचवा. आंबा उष्ण आणि ताक थंड हे आपल्या घरातील मुलालाही ठाऊक असते, म्हणून यावर वेळ घालवत नाही. चवी पाच : तिखट पसरवते, आंबट आवळते, गोड सैल करते, कडू सुकवते, खारट मऊ करते. आपल्या सहांतील तुरट त्यांनी बहुधा आंबटाच्या पोटात घातली. बाराव्या शतकात उत्तर चीनमध्ये झांग युआनसू नावाचा वैद्य झाला. त्याला व्हायचे होते सरकारी अधिकारी. पण परीक्षेच्या उत्तरात एका सम्राटाच्या नावातील निषिद्ध अक्षर येऊन गेले, म्हणून तो नापास. मग तो वैद्यकाकडे वळला. त्याने सांगितले की, प्रत्येक औषधाचा शरीरात एक ठरलेला रस्ता असतो. डोके दुखते एवढे सांगून भागत नाही. मागून दुखते, कपाळात दुखते की कानशिलांत, त्यावरून औषध निराळे. या वाटा शरीर चिरून कोणाला दिसलेल्या नाहीत; पण रोग्याला नीट विचारण्याची सवय वैद्याला त्यामुळे लागली.

असाच परीक्षेत तीनदा नापास झालेला दुसरा गृहस्थ म्हणजे ली शिझेन, १५१८ ते १५९३. वैद्याचा मुलगा, हूपे प्रांतातला. वैद्याला त्या समाजात फारशी प्रतिष्ठा नव्हती, म्हणून बापाची इच्छा मुलाने अधिकारी व्हावे अशी. ते जमले नाही, आणि सत्तावीस वर्षे खपून त्याने १,८९२ औषधांचा ग्रंथ १५७८ साली पुरा केला. तो नानजिंगमध्ये छापून बाहेर पडला १५९६ साली; लेखक तो पाहायला उरला नव्हता. त्याने तीन वर्गांची मांडणी मोडली. पाणी, अग्नी, माती यांपासून आरंभ करून धातू, वनस्पती, प्राणी असे करीत तो माणसापर्यंत गेला, हलक्याकडून थोराकडे. म्हणजे उतरंड त्याच्याही मनातून गेली नव्हती. पण तिसऱ्या-चौथ्या खंडात त्याने आजारांप्रमाणे औषधांच्या याद्या दिल्या. आणि पाऱ्याच्या प्रकरणात लिहिले की, दीर्घायुष्याच्या लोभाने तो खाऊन किती जण पंगू झाले आणि मेले याची गणती नाही. दीड हजार वर्षांच्या राजाला त्याने भर दरबारात आरोपी केले.

त्याच्यानंतर झांग ज्येबिन आला, १५६३ ते १६४० या काळातला. त्याने औषधांना लष्करी व्यूहांत बसवले, आणि चार औषधांना सर्वांचे आधारस्तंभ म्हटले : जिनसेंग, रेहमानियाचे शिजवलेले मूळ, बचनाग आणि रेवाचिनी. पहिली दोन शांततेच्या काळातील चांगले प्रधान, दुसरी दोन धामधुमीच्या काळातील चांगले सेनापती. शेन्नोंगच्या ग्रंथातील तळाचे दोघे असे सेनापती झाले. रेवाचिनीला तर चिनी वैद्य 'सेनापती' याच टोपणनावाने ओळखतात. पुढे १७६९ साली हुआंग गोंगश्यू याने एक औषधिग्रंथ पूर्णपणे कामावरूनच रचला : भरणारी, आवळणारी, पसरवणारी, खाली सारणारी, रक्तावर काम करणारी, संकीर्ण आणि शेवटी अन्ने.

शेजारच्या देशांत या विचाराचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. पण जपानच्या एका माणसावर थांबल्यावाचून राहवत नाही. योशिमासु तोदो, जन्म १७०२, मृत्यू १७७३. क्योतो शहरात वैद्यकी चालेना, म्हणून हा बाहुल्या करून पोट भरीत असे. हकीकत अशी सांगतात की, बाहुल्या पोचवायला एका दुकानी गेला असता तेथील म्हातारी आजारी. दरबारी वैद्य यामावाकी तोयो यांचे औषध चालू होते. याने तपासून सांगितले, काढा बरोबर आहे, पण त्यातले जिप्सम आता काढा. दरबारी वैद्य आले, त्यांच्याही मनात तेच होते. बाहुलीवाल्याचा भाग्योदय झाला. या तोदोने चवी, स्वभाव, रस्ते, आकाश-माती हे सारे झुगारून दिले. जुन्या काढ्यांच्या ग्रंथांत एखादे औषध कोणकोणत्या काढ्यांत येते, त्या सर्व रोग्यांत समान लक्षण कोणते, ते शोधायचे. तेच त्याचे काम. अशी ५३ औषधे त्याने तपासली. जिप्सम कशासाठी? तळमळ आणि तहान यांसाठी. जिनसेंग कशासाठी? आयुष्य वाढवायला नव्हे. काळजाखाली, पोटाच्या वरच्या भागात येणाऱ्या कडकपणासाठी. बस्स! हजार वर्षांच्या राजाला त्याने एका ओळीचे काम नेमून दिले. तोदो फार एकांगी होता, सगळे रोग एकाच विषातून होतात म्हणत असे. पण त्याची पद्धत पाहिली की, आमचा तो भट्टीवरचा गृहस्थ मला आठवतो. हाताने काम केलेल्या माणसाला पदवीपेक्षा परिणाम आधी दिसतो.

कोरियात हो जून याचा मोठा ग्रंथ १६१३ साली छापला गेला. त्यात पुष्कळ औषधांची नावे चिनीबरोबर कोरियन लिपीतही दिली आहेत, म्हणजे युद्धाने उजाड झालेल्या खेड्यांतील लोकांना बांधावरची वनस्पती ओळखता यावी. पुढे ली जे-मा याने १८९४ मध्ये निराळाच मार्ग काढला. त्याने माणसांचे चार प्रकार केले आणि औषधे त्यांच्यांत वाटून टाकली. जिनसेंग एका प्रकृतीच्या माणसाचे, मा-हुआंग दुसऱ्या, जिप्सम तिसऱ्या. औषध काय करते याबरोबर ते कोणाला करते, हा प्रश्न त्याने पुढे आणला.

चीनमध्ये १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ आणि छंगदू येथे सरकारी वैद्यक महाविद्यालये निघाली. तेथील पाठ्यपुस्तकांत शेन्नोंगच्या तीन पायऱ्या मांडणीत उरल्या नाहीत. औषधांचे वीसएक गट झाले, सगळे कामावरून : बाहेरची बाधा घालवणारी, उष्णता कमी करणारी, रेचक, लघवी वाटे पाणी काढणारी, रक्त थांबवणारी, कफ-खोकल्याची, मन शांत करणारी, पुष्टी देणारी. आमच्या पक्षाचा पूर्ण विजय झाला, असे आपण म्हणाल. मीही प्रथम तसेच म्हणालो होतो.

पण येथे एक कडू घोट घेतला पाहिजे. गिरणीत बदली कामगार असतो हे आपल्याला ठाऊक आहे. काम तेच, म्हणून माणूस बदलला तरी खाते चालते. औषधांतही कामावरून गट केले की, एकाच्या जागी त्याच गटातील दुसरे घालण्याची सोय होते. 'फांगजी' हे पाणी वाहते करणारे औषध, छन त्सांगचीच्या दहा प्रकारांत उदाहरण म्हणून नाव घेतलेले. या नावाखाली बाजारात दोन अगदी निराळ्या वनस्पतींची मुळे येत. त्यांतली एक आपल्या सापसणीच्या कुळातील. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये बायकांना वजन कमी करण्यासाठी गोळ्या देण्यात आल्या, त्यांत एकीच्या जागी दुसरी पडली. १९९३ मध्ये डॉक्टरांनी ते प्रकरण जाहीर केले, आणि पुढे आकडा शंभरावर गेला. मूत्रपिंडे निकामी झाली, अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. चीनमध्येही 'मुतोंग' या पाणी वाहते करणाऱ्या औषधाच्या जागी त्याच विषारी कुळातील एक वेल रुळला होता. काम दोघांचे एकच म्हणून कोणी हरकत घेतली नाही. २००३ साली त्या वेलीची मान्यता सरकारला काढून घ्यावी लागली. पाणी वाहते होत होते हे खरे. पण ज्या पाटातून ते वाहायचे तो पाटच आतून खचत होता, आणि ते कळायला वर्षे लागत. जुन्या तीन पायऱ्यांनी निदान एक प्रश्न विचारला होता : हे फार दिवस घेतले तर काय होईल?

याच्या उलट बाजूचीही एक हकीकत आहे. शेन्नोंगच्या ग्रंथातील तळाच्या वर्गात छिंगहाओ नावाची एक रानटी, उग्र वासाची वनस्पती आहे. तिचे काम काय दिले? खरूज, खाज आणि उवा. चौथ्या शतकात गे होंग याने हाताशी ठेवण्याच्या उपायांचे पुस्तक लिहिले. त्यात थंडी भरून येणाऱ्या तापावर ती पाण्यात भिजवून, पिळून, रस पिण्यास सांगितले. १९६७ साली हिवतापावर औषध शोधण्याचे काम चीनमध्ये सुरू झाले. तू यूयू या बाईंच्या गटाने शेकडो वनस्पती तपासल्या, आणि छिंगहाओचा गुण एकदा येई, एकदा न येई. पिळून काढायला सांगितले आहे, उकळायला नव्हे, हे बाईंच्या ध्यानात आले. त्यांनी कमी उष्णतेवर ईथरने अर्क काढला. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये नमुना क्रमांक १९१ यशस्वी झाला. पुढच्या वर्षी बाईंनी आणि दोन सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेऊन पाहिला. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या पाठ्यपुस्तकात ती वनस्पती उष्णता कमी करणाऱ्या गटात आहे. त्या गटाचे नाव वाचून हिवतापाच्या जंतूवरचा तिचा मारा कोणाला कळला नसता; आणि खरूज-उवांच्या पायरीवरून तर नाहीच नाही. तो कळला गे होंगच्या एका ओळीवरून आणि पिळणाऱ्या हातावरून.

शेवटी एक वर्गवारी सांगायची राहिली. ती कोणत्या वैद्याने रचलेली नाही, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत तिला बहुधा जागा मिळत नाही. चिनी औषधांच्या जुन्या दुकानात भिंतभर खणांचे लाकडी कपाट असते. दक्षिणेकडे त्याला 'शंभर लेकरांचे कपाट' म्हणतात. एका खणात दोन-तीन कप्पे. त्यांत कोणते औषध कोठे ठेवायचे हे दुकानातील नोकर पिढ्यान्‌पिढ्या ठरवीत आले. रोज लागणारी छातीच्या उंचीवर. जी एका काढ्यात जोडीने जातात ती शेजारी, म्हणजे एका पावलात दोन्ही हाती यावीत. ज्यांचे एकमेकांशी वैर आहे ती शेजारी नाहीत. विषारी निराळी, कुलुपात. फुले आणि पाने वजनाला हलकी, म्हणून ती सर्वांत वरच्या खणांत. आणि दगड, शिंपले, लोहचुंबक हे जड, म्हणून ते सर्वांत खाली, पायांजवळ. हिंगुळाचाही तेथे मान नाही : तो विषारी, म्हणून कुलुपात.